शिवरामचे दोन पावसाळे

या गं, अशा जवळ सरका. भगिनी मंडळाच्या अंकात लिहितेय म्हणून लांबून वाचू नका. मी चुलीपुढं बसलेय आणि तुम्ही समोर आहात असं समजा. आणि आधी मला जरा रागावून घेऊ द्या, मग पुढचं. पाणवठ्यावर आमच्या पारूबद्दल काय काय चाललं होतं ते माझ्या कानावर आलंय. कोण बोललं ते विचारत नाही. पण मेलेल्या माणसाला दुसरी बायको करून देता, तिच्या पदरात दोन लेकरं टाकता, आणि पारू पाण्याला आली की घागरी उचलून मुक्यानं चालू लागता, हे काही शोभलं नाही हो तुम्हाला. विचारायचं होतं. निदान मला तरी विचारायचं.

गावात ज्या सुना नव्या आल्यात त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिवराम माझा धाकटा भाऊ, पारू त्याची बायको. शिवरामला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या लढाईनंतर गावानं ठरवलं की आजवर जे जे सैन्यात गेले त्या सगळ्यांची नावं दगडावर कोरून शाळेपुढं बसवायची. शिवराम मोठ्या महायुद्धात होता, म्हणून त्याचंही नाव. मास्तरांनी सैन्याच्या कचेरीला लिहून खात्री मागवली आणि आलेलं उत्तर चावडीवर मोठ्यानं वाचलं. तिथंच घोळ झाला. उत्तरात लिहिलं होतं की महायुद्ध संपल्यावर पुढच्या शिमग्याच्या सुमाराला शिवरामला घरी सोडला. आणि रेल्वेचा पास त्यानं मागून घेतला तो पालघरचा.

आता आमच्या घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक की शिवराम घरी आला तो त्याच्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर. मधले दोन पावसाळे तो सैन्यातच होता असं आम्ही धरून चाललो होतो. तो कधी बोलला नाही, आम्ही कधी विचारलं नाही. मग सैन्यात नव्हता तर होता कुठं? आणि आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही त्या पालघरला त्याचं काय काम?

पारूनं त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "वन्सं, त्यांचं नाव कोरायचं राहू द्या. आधी मला तिकडं घेऊन चला. दुसरं घर असंल तर असंल. पण मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

म्हणून आम्ही दोघी निघालो. मार्गशीर्ष लागला होता.

पालघर

पुणं, मुंबई ते सगळं सोडून देते. गाडीत काय झालं ते ऐकण्यासारखं नाही, पारूला गाडी लागली एवढंच. पालघरला उतरलो तर हवा अशी ओलसर, की लुगडं अंगाला चिकटलं. आपल्याकडं मार्गशीर्षात ओठ फुटतात, तिथं घाम. आणि जिकडं बघावं तिकडं गवत कापून रचलेलं. गवताच्या एवढाल्या गंजी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मुंबईच्या तबेल्यांना जातं म्हणे. पारू म्हणाली, "हे एवढं गवत आपल्याकडं असतं तर बैल विकायची पाळी आली नसती."

सरकारी कचेरीत गेलो. टेबलामागं एक चष्मेवाले गृहस्थ पान लावत बसले होते. मी उत्तराचा कागद पुढं केला. त्यांनी तो उलटा, सुलटा दोन्हीकडून बघितला.

"बाई, सैन्याचे कागद इथं नसतात. ठाण्याला जा."

"कागद नकोत आम्हाला. माणसाचं विचारायचंय."

"हरवलाय का माणूस?"

"नाही. वारलाय."

"मग शोधताय काय?"

"त्याचे दोन पावसाळे."

त्यांनी पान तोंडात घातलं नि माझ्याकडं असं बघितलं की ह्या बाईला कुणीतरी घरी नेऊन सोडावं. पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "पालघरचा पास म्हणजे पालघर गावच असं नाही. इथं उतरून माणूस केळव्याला जाईल, मनोरला जाईल, डोंगरात जाईल. तालुका लहान नाही. तो करत काय होता, ते आधी आठवा."

ते मात्र मी डोक्यात ठेवलं.

केळवे

आपल्या शाळेतल्या बाईंची मावशी केळव्याला दिली आहे. तिला सगळे नानी म्हणतात. तिच्या वाडीत आम्ही उतरलो. अहो, काय ती वाडी! डोक्यावर नारळ, त्याखाली सुपारी, त्याखाली केळी, आणि सुपारीच्या खोडाला धरून पानवेल वर चढलेली. उन्हाचा कवडसा पडायला जागा नाही. पाटाचं पाणी झाडाच्या बुडाशी आपसूक चाललेलं. पारूनं त्या पाण्यात पाय सोडले नि बराच वेळ काढलेच नाहीत.

त्या दिवशी नानीनं उकडहंडी केली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, कच्ची केळी, हिरवा मसाला असं सगळं भरायचं, पाल्यानं तोंड बंद करायचं आणि बाहेरून आच द्यायची. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आपल्याकडं शेंगा उकडतो त्या नुसत्या मिठात. मी तीनदा वाढून घेतलं. मग दुपारी नानीचा गडी ताडाची नीरा घेऊन आला. सकाळची नीरा गोड लागते ती मी प्यायले होते, म्हणून त्याच हिशेबानं ही दुपारचीही मोठा पेला भरून प्यायले. थोडी आंबट लागली. पण आंबट ताक नाही का आपण पीत? नंतर मी दोन तास बोलत होते असं पारू सांगते. वाडीतल्या गड्याला माझ्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली म्हणे.

पण त्या बोलण्यातच गाठ सुटली, म्हणून मी नीरेला नाव ठेवत नाही. शिवरामचे एकेक प्रकार मी सांगत होते. तो घरी आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्यानं शेताच्या कोपऱ्यात पाला, गवत, शेण असं थरावर थर रचलं नि पेटवून दिलं. आणि त्या राखेत नाचणीचं बी फेकलं. गाव हसलं. शिवरामनं शेताची होळी केली म्हणून पोरं गाणी म्हणत होती. आपल्याकडं पाऊस कुठं एवढा, नाचणी काही धड आली नाही. आमच्या वडिलांनी, आबांनी, चार शब्द ऐकवले, परत त्यानं तसं केलं नाही.

नानी सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ता थांबला.

"ताय, ते राब भाजणं. असं भातवाले करतात. आन् नागलीसाठी, तुमच्या नाचनीसाठी, करतो तो डोंगराकडला. आमच्या वाडीतला नाय करनार."

"मग तो डोंगरात होता?"

"हात शिकून आला म्हंजे होताच. एक दिवस बघून कुनाला राब येत नाय."

मग स्वतःच म्हणाली, "बोईसरच्या बाजारात एक टोपल्या विकनारा येतो. एका पायानं अधू. अंगात खाकी कोट, उन्हाळा-हिवाळा काढत नाय. तो फौजेत होता म्हनतात. डोंगराकडला फौजी मला तरी तो एकच म्हाइत हाय. जाऊन बघा."

 पारू पुन्हा पाटात पाय सोडून बसली होती, तिनं ते काढून घेतले.

बोईसर

बोईसर म्हणजे नुसती धांदल. पलीकडं तारापूरच्या किनाऱ्याला मोठं वीजघर बांधतायत, त्यामुळं सगळ्या मुलखाची माणसं तिथं लोटलेली. रस्त्यावर ट्रक, विटांचे ढीग, सिमेंटची धूळ. दांडी गावाकडच्या कोळणी पाटीत सुके बोंबील घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्याशी पगडीवाले मजूर हिंदीत भाव करतायत. कोळणीला हिंदी येत नाही, मजुराला तिची बोली येत नाही, पण भांडण अगदी नीट चाललेलं. मी तिथं उभी राहून ऐकत बसले असते, पण पारूनं माझा पदर ओढला.

चहावाल्याला विचारलं. तो उत्तरेकडचा. म्हणाला, "वो लँगड़ा फ़ौजी? आज नहीं आया, माताजी. उसका पाड़ा उधर है, नदी की तरफ़. पैदल मत जाओ, दूर है." आणि त्यानंच एका खडीच्या ट्रकवाल्याला हाक मारली. खाणीकडं रिकामा ट्रक चालला होता.

आता डोळ्यांपुढं आणा. आम्ही दोघी, नऊवारी नेसलेल्या, ट्रकच्या मागच्या फळ्यांवर. चढताना पारूचं लुगडं खिळ्यात अडकून टर्रकन फाटलं. मला हसू आवरेना. पारू म्हणाली, "हसा, हसा. सवतीच्या दारात फाटकं लुगडं नेसून चाललेय मी." तेव्हा माझं हसू थांबलं. इतके दिवस ती हा शब्द बोलली नव्हती.

पाड्यावर

ट्रकवाल्यानं फाट्यावर उतरवलं. तिथून पायवाट. डोंगराच्या उतारावर लांब लांब घरं, एकाची हाक दुसऱ्याला पोचेल इतकी. भिंती दगडाच्या नाहीत. कारवीच्या काठ्या उभ्या लावून वरून शेणानं लिंपलेल्या. अंगण मात्र असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. भात झोडून झालं होतं. एका अंगणात चाळिशीची एक बाई सुपानं भात पाखडत होती, आणि ओट्यावर एक म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

मी म्हटलं, "बाई, इथं फौजेतले कुणी राहतात का? टोपल्या विकतात ते?"

"ऱ्हातात. माजा दादला तो. बांबू तोडाया गेला. तुमी कोन? कुठून आल्यात?"

"आम्ही साताऱ्याकडच्या. शिवरामच्या घरच्या."

तिचं सूप तिरपं झालं, भात अंगणात सांडला. "शिवा? आमचा शिवा?"

"आमचा" म्हणाली ती. पारूनं माझा दंड धरला. बोटं रुतली इतका.

ओट्यावरच्या म्हातारीला कमी ऐकू येत असावं. ती ओरडून म्हणाली, "शिवाची मानसं? तो ह्या माज्या पोरीसाठी, जमनीसाठी राबला नाय का! दोन पावसाळे. माज्या दादल्याच्या घरी ऱ्हायला, नांगर धरला, राब भाजला, लावनी केली. असा राबनारा मिळत नाय आता."

"कशासाठी राबला?" पारूनं विचारलं. 

"जमनीसाठी गं! पोरगी पायजेल तं राबाया नको? आमच्यात असंच. पैका नाय त्यानं पोरीच्या बापाकडं ऱ्हायचं नि राबायचं. मंग पोरगी मिळते."

पारू तिथून निघाली. पदर खोचला आणि आंब्याच्या झाडाखाली जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली. मी कुठं जावं ते मला कळेना. जमनी माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. तिला वाटलं असेल की ह्यांना उन्हाचा त्रास झाला, म्हणून ती पाणी घेऊन पारूकडं निघाली. मी तिला थांबवलं.

तेवढ्यात रूपजी आला, जमनीचा नवरा. डोक्यावर बांबूचा भारा, बगलेत कुबडी, अंगात तोच खाकी कोट. गुडघ्याखाली डावा पाय नाही. मी कोण ते जमनीनं सांगितलं. त्यानं भारा टाकला, आंब्याकडं बघितलं, आणि विचारलं, "ती त्याची बायको?"

"हो."

"तिला सांगितलं नाय त्यानं?"

"काहीच नाही."

रूपजी कुबडी टेकत आंब्याखाली गेला आणि पारूच्या समोर नाही, बाजूला बसला. मीही गेले. तो बोलला ते असं.

"बाय, आमी ब्रह्मदेशाच्या हद्दीवर रस्ता करीत होतो. बंदूक नाय, पहार नि सुरुंग. मी फौजेत गेलो ते जमनीसाठीच. हिच्या बापाकडं तीन पावसाळे राबलो होतो, दोन बाकी होते. म्हटलं फौजेतून पैका आनू नि बाकीचे पावसाळे चुकवू. तं एक दिवस सुरुंगाची पाळी शिवाची होती. त्याला ताप भरला. मी म्हटलं, तू नीज, मी जातो. दगड आला, पाय गेला. पैका इस्पितळातून येतायेता संपला."

पारू अजून पाठ करूनच होती.

"आमी दोघं पालघरला उतरलो. तो मला पोचवाया आला होता, दोन दिसांसाठी. हिचा बाप म्हंगाला, पाय नाय तं नांगर कसा धरशील? पोरीसाठी दुसरा बघतो. शिवा तिथंच बसला होता. तो म्हंगाला, त्याचे दोन पावसाळे मी धरतो. हिचा बाप हसला. मंग म्हंगाला, हात कुनाचा का असंना, जमीन नांगरली पायजे."

मी विचारलं, "आणि घरी का नाही कळवलं?"

"मी बोललो त्याला. तं म्हने, बापाला काय कळवू? तुमचं शेत टाकून दुसऱ्याचं करतो म्हनून?"

तेव्हा पारू वळली. रडत नव्हती हो. तुम्ही तिला ओळखता, ती रागावली की डोळे कोरडे होतात तिचे. जमनीही तोवर मागं येऊन उभी राहिली होती. पारू तिच्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या बापाचा नांगर माझ्या नवऱ्यानं धरला. माझ्या घरचा कुणी धरला ठाऊक आहे? आमचा एक बैल मेला, सासरे खोकत होते. मी धरला. आमच्यात बाईनं नांगराला हात लावायचा नसतो. लावला तर पाऊस पडत नाही म्हणतात. त्या साली पाऊस पडला नाही, आणि गावानं मला बोल लावला. सोळा वर्षांची होते मी."

हे मला ठाऊक होतं, तुमच्यातल्या जुन्यांनाही ठाऊक आहे. पण तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

 रूपजी कुबडीच्या टोकानं माती उकरत राहिला. मग पारूनंच विचारलं, "लग्नाला होता तो तुमच्या?"

जमनी म्हणाली, "नाय. दुसरा पावसाळा सरला, भात झोडलं, नि तो कपडे बांधाया लागला. मी म्हटलं, दादा, लगीन बघून जा. तं बोलला, माजी बायको घरी हाय, तिला आता थांबवत नाय."

पारूनं मान खाली घातली.

त्या रात्री आम्ही तिथंच राहिलो. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, वर भाजलेला सुका बोंबील. भाकरी काळी दिसते म्हणून नाक मुरडू नका, पोटाला अशी धरून राहते की सकाळपर्यंत भूक नाही. म्हातारी मध्येच मध्येच ओरडून शिवानं कुठलं खाचर बांधलं ते सांगत होती. सकाळी जमनीनं आम्हाला ते दाखवलं. उतारावर दगडी बांध घातलेलं छोटंसं खाचर, नीट समतल केलेलं. अजून त्यात भात पिकतं. पारू त्या बांधावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. एक दगड ढिला होता, तो तिनं टाचेनं आत दाबला.

निघताना जमनी म्हणाली, "बाय, तुमची कापनी कधी?"

"ज्वारीची? माघात."

"मंग मी येते. राबाया."

पारू म्हणाली, "वेडी का काय तू? कुठं सातारा, कुठं तू."

"शिवा नाय आला?" जमनी म्हणाली. एवढंच.

परतीच्या गाडीत पारू खिडकीशी बसली होती. मुंबई जवळ आली. मग म्हणाली, "वन्सं, दुसरं घर नव्हतं म्हणून बरं वाटावं, तर तेही धड वाटत नाही. सवत निघाली असती तर तिच्याशी भांडले तरी असते. हे भांडण मी नेऊ कुणाकडं?"   तिचा राग गेला असं मी तुम्हाला सांगणार नाही. गेला नाही. पण घरी आल्यावर ती पहिली गेली ती मास्तरांकडं, आणि दारातूनच म्हणाली, "त्यांचं नाव कोरा." मास्तरांनी विचारलं, "मधल्या दोन वर्षांचं कळलं का?" तर म्हणाली, "कळलं. कामावरच होते."

आणि जमनी आली, बरं का. थोरल्या लेकाला घेऊन, डोक्यावर टोपली, टोपलीत नागलीचं पीठ नि सुके बोंबील, त्याच्या वासानं सगळी मोटारगाडी हैराण. आठ दिवस झाले, पारूच्या घरी आहे. पहिल्या दिवशी पारू तिच्याशी चार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातातला विळा काढून घेतला, पाहुणीनं राबायचं नसतं म्हणाली. जमनीनं तो परत ओढून घेतला. आता रोज सकाळी शेतात त्या विळ्यावरून दोघींची झोंबाझोंबी चालते. एक आपल्या बोलीत ओरडते, एक तिच्या. ज्वारी मात्र बरीचशी कापून झाली.

ती कापणी संपेपर्यंत आहे. तिच्या बोलीचा कान बसायला तुम्हाला अर्धा दिवस लागेल, मग सगळं कळतं. त्या दोन पावसाळ्यांबद्दल तुम्हाला काय विचारायचं असेल ते पाणवठ्यावर नको, तिलाच येऊन विचारा. पारूच्या दारातून आत या, ओट्यावर बसा, नागलीची भाकरी खा. उशीर करू नका, कापणी संपत आली.